जावईबापूंची प्रकृती

इपोह,
रविवार सकाळ

आदरणीय ताईंना,

सिउ-हाँगचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या खेपेला चोळायला हिरवं तेल नेलं होतंत, ते संपलं असेल तर कळवा, इथल्या बाजारात ताजं आलं आहे. तेलुक इंतानला फार पाऊस झाल्याचं पेपरात वाचलं. तुमची ऑर्किडं कुजली नसतील अशी आशा आहे. मी ठीक आहे. सगळे विचारतात आणि सगळ्यांना मी हेच सांगतो, त्यामुळे ते आता तोंडात बसलं आहे. जेवणाचं म्हणाल तर सकाळी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात तांदळाच्या शेवया खातो आणि संध्याकाळी त्याच दुकानात त्याच शेवया खातो. मी बसलो की दुकानदार न विचारता आणून ठेवतो. बोलावं लागत नाही, म्हणून ते दुकान मला आवडतं. नव्या वर्षाला सुतकामुळे कुणाच्या दारी जायचं नव्हतं, तेही मला सोयीचंच झालं. (लाय-क्वान असती तर म्हणाली असती, यांना एवढं निमित्त पुरलं.)

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. आमच्या भागात हल्ली फोनवर खरखर फार येते, म्हणून मागच्या दोन-तीन वेळा तुमचा फोन आला तेव्हा मी लवकर ठेवून दिला. राग मानू नये. परवा मात्र एवढं ऐकू आलं, की छिंग मिंगच्या सणाला आपण तिच्या थडग्याची झाडलोट करायला जायच्या आधी तुम्ही घराच्या दिशा बघणाऱ्या सिफू कोक यांना घेऊन येणार आणि अंगणातलं माशांचं तळं बुजवून टाकणार. कारण तळं चुकलं. ते दोन हात डावीकडे हवं होतं, सिफू तसं म्हणतही होते, पण लाय-क्वानला पलंगावरून खिडकीतून दिसावं म्हणून तुम्ही हट्टाने उजवीकडे घ्यायला लावलंत, आणि म्हणून तुमची बहीण गेली ती तुमच्यामुळे. हे बोलताना तुम्ही रडत होता. मला त्या वेळी काही सुचलं नाही. (मला वेळेवर काही सुचत नाही, हे तिने लग्नानंतरच्या पहिल्याच पत्रात तुम्हाला कळवलं होतं असं ऐकतो.) म्हणून आता सावकाश लिहितो.

सिफूंना तुम्ही पहिल्यांदा आणलंत तो दिवस आठवा. तिच्या रक्ताच्या आजाराचं नाव डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं आणि मला ते धड उच्चारता येत नव्हतं, त्यामुळे घरात कुणीतरी ठामपणे बोलणारं आलं याचं मला बरंच वाटलं होतं. सिफूंनी लाल पाटावरचं ते मोठं होकायंत्र काढलं आणि फाटकाला टेकून दिशा घेतली. माझी उभी नोकरी सरकारी जमीनमोजणीत गेली. लोखंडी फाटकाला टेकून कुणी होकायंत्र लावलं तर त्याला आम्ही कॉफी आणायला पिटाळत असू. मी तोंड उघडणार तेवढ्यात लाय-क्वानने माझ्याकडे बघितलं. (ते बघणं तुम्हाला माहीत आहे, ते तुमच्या आईकडून आलेलं आहे.) मी तोंड मिटलं. सिफू म्हणाले, समोरची गल्ली सरळ बाणासारखी तुमच्या फाटकात घुसते, फाटक तिरपं करा. तुम्ही दुसऱ्या दिवशी गवंडी घेऊन हजर. फाटक तिरपं झालं, बाण अडला आणि बाणाबरोबर आमची गाडीही अडली. तेव्हापासून ती रस्त्यावर शेजाऱ्यांच्या रंबुतानच्या झाडाखाली उभी असते आणि तिची एव्हाना पक्ष्यांना सवय झाली आहे. तुमच्या ज्या तेलुक इंतानमधला घड्याळाचा मनोरा कित्येक पिढ्या कललेला असून गावाचं काही बिघडलं नाही, त्या गावच्या माणसाने येऊन आमचं सरळ फाटक वाकडं करावं याची मला तेव्हा गंमत वाटली होती. बोललो नाही. लिहायला सोपं जातं.

मग पलंग. झोपलेल्याचे पाय दाराकडे नकोत, कारण माणसाला शेवटचं तसं नेतात. डोक्यावर तुळई नको. खिडकीकडे डोकं नको. आमच्या खोलीत हे सगळं पाळायचं तर पलंग भिंतीवर टांगावा लागला असता. शेवटी तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरका लागला आणि कपाटाचं एकच दार, तेही अर्धं, उघडू लागलं. कपडे काढायला मला पलंगावर पालथं पडून आत हात घालावा लागे आणि जे हाताला लागेल ते मी घालत असे. तिच्या आजारपणात मी सगळीकडे दोनच शर्टांत दिसलो तो एवढ्यासाठी. इस्पितळातल्या एका नर्सबाईंना वाटलं आमची फार ओढाताण चालली आहे, म्हणून त्यांनी मला आपल्या भावाचा धुतलेला शर्ट देऊ केला. लाय-क्वान एवढी हसली की हातातली सलाइनची सुई निसटली. पलंग अजून तसाच आहे. आता सरळ करायला कुणाची हरकत नाही, पण मी केलेला नाही.

आणि मग तळं. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण पुढचं त्यावर उभं आहे. आठ लाल मासे आणि एक काळा. लालांनी भरभराट आणायची आणि काळ्याने घरावरचं संकट अंगावर घ्यायचं. काळा मेला की संकट टळलं समजायचं, आभार मानून त्याला पुरायचं आणि दुसरा काळा आणायचा. सिफूंनी हे लाय-क्वानच्या देखतच सांगितलं. त्या दिवसापासून आपण सगळे त्या माशाच्या मरणाची वाट बघू लागलो. हे मी दोष द्यायला लिहीत नाही, मीही बघत होतो. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण वाट बघायला विश्वास लागत नाही.

रोज सकाळी तुमचा फोन यायचा. आधी तुम्ही तिची चौकशी करायचात, मग आवाज खाली आणून विचारायचात, काळा कसा आहे? मी म्हणायचो, उत्तम आहे. तुम्ही म्हणायचात, अरेरे. दुपारी क्वालालंपूरहून तुमच्या मामांचा फोन, अजून पोहतोय का म्हणून. लाल मासे मात्र भराभर गेले. एक बगळ्याने नेला, दोन उड्या मारून बाहेर पडले, एक का मेला ते कळलंच नाही. मी शेवटी सिफूंना फोन करून विचारलं, की एवढे लाल मिळून एक काळा धरता येईल का. ते म्हणाले, तसा हिशेब नसतो. आणि काळा अंगाने भरत चालला होता. लाय-क्वान दुपारी वेताची खुर्ची टाकून तळ्याकाठी बसायची आणि त्याला हाताने भरवायची. तिने त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. (आपल्याला मुलगी नाही तरी जावई मिळाला, म्हणायची. कामाला हात लावत नाही, पहिला घास त्यालाच लागतो आणि सासू मरायला टेकली तरी याची प्रकृती ठणठणीत.)

मग एके दिवशी सकाळी जावईबापू कुशीवर तरंगताना दिसले. अंगावर पांढरी बुरशी आली होती, कल्ले जेमतेम हलत होते. मी तुम्हाला फोन केला. एवढा आनंद तुमच्या आवाजात मी त्याआधी ऐकला नव्हता. तुम्ही उदबत्त्या लावल्यात, मामांना कळवलंत, मामांनी फोन करून माझं अभिनंदन केलं. (मासा मरत असताना अभिनंदन झालं तर काय म्हणायचं असतं ते ठाऊक नसल्याने मी 'आपलंही' म्हणालो.) मी नवा काळा मासा बघायला बाजारात गेलो. आणि दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं, की तो बरा झाला. तो आपला आपण बरा झाला असं तुम्ही धरून चाललात. तसा तो झालेला नव्हता. हे तुम्हाला सांगायचं नाही असं मला बजावलेलं होतं, पण तळं बुजवायची वेळ आली आहे तर तीही आता सांगा म्हणाली असती असं मला वाटतं.

मी बाजारातून आलो तेव्हा ती अंगणात होती. पाय शेकायच्या टबात तिने पाणी घेतलं होतं, त्यात जाडं मीठ घातलं होतं आणि जावईबापू त्यात होते. त्या दिवसांत तिला किटली उचलवत नव्हती. टब कसा भरला ते मला कधी कळलं नाही, बहुतेक वाटी-वाटीने भरला असेल. खुर्चीतून वाकून, दोन्ही हात पाण्यात घालून, तिने त्याला पोटाखालून धरलं होतं, म्हणजे तो कुशीवर पडू नये. बोटं पार सुरकुतली होती.

मी म्हणालो, "अगं, तो तुझ्यासाठी आणलाय."

"ठाऊक आहे. सिफू सांगत होते तेव्हा मी तिथेच बसले होते."

"मग?"

"मग काय? घरात आणायचं, हाताने भरवायचं आणि आता माझ्याऐवजी मर म्हणायचं? जावयाला?" जरा दम खाऊन म्हणाली, "मला नाही जमत. तुम्हाला जमतंय?"

मी खरं ते सांगितलं. म्हणालो, मला जमेल.

"मग तुम्ही आत जा. आणि ताईला यातलं काही सांगू नका. ती सिफूंना घेऊन येईल."

मी आत गेलो नाही. पाणी बदलायला हवं होतं आणि ते तिला उचलणार नव्हतं, म्हणून मी बदललं. पुढे तिचे हात थकले तेव्हा तिने मला धरायला लावलं आणि मी धरलं. हात सैल सोडायला मला कुणाची आडकाठी नव्हती, ती डोळे मिटून पडली होती. तरी मी धरून बसलो. ऊन उतरल्यावर त्याने शेपटी मारली आणि माझ्या शर्टावर (दोनांपैकी एका) पाणी उडालं. तिने डोळे उघडले. म्हणाली, बघा, सासऱ्यांशी कसा वागतो.

ताई, माझा विश्वास नाही, पण तुमचा आहे, म्हणून तुमच्याच हिशेबाने सांगतो. तळ्याने आपलं काम केलं होतं. संकट काळ्याकडे गेलं होतं. ते तिने पाण्यात हात घालून परत घेतलं. यात तुमची चूक कुठे येते? रागवायचंच असेल तर माझ्यावर रागवा, पाणी मी बदललं.

राहिली जागा. सिफू पाहणी करून परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी माझं जुनं यंत्र घेऊन रस्त्यावर, लोखंडापासून लांब उभं राहून सगळं पुन्हा मोजलं होतं, त्यांची चूक पकडायला. चूक निघाली नाही. सिफूंच्या एका अंगाला फाटक होतं आणि दुसऱ्या अंगाला आत उभी असलेली माझी गाडी. दोघांनी सुई आपापल्याकडे ओढली आणि ती मधे, बरोबर जागी राहिली. मला वाईट वाटलं. लाय-क्वान म्हणाली, संसारही असाच होतो. मग तळं खणलं त्या आठवड्यात मी तेही मोजलं. सिफूंनी जो टापू आखून दिला होता त्यात ते पुरतं बसतं, तुमचे ते दोन हात धरून. हे मी मोजणी खात्यातला माणूस म्हणून लिहून देतो. तुमची जागा बरोबर होती. पलंगावरून तिला ते शेवटपर्यंत दिसत होतं आणि शेवटच्या दिवसांत ती दुसरीकडे फारसं बघत नव्हती.

तेव्हा तळं राहू द्यावं. तब्येतीला जपा, ओल्या जिन्यावरून सांभाळून उतरा. मामांना नमस्कार सांगा. मासा मजेत आहे हे त्यांना सांगितलं नाहीत तरी चालेल.

आपला,
सिउ-हाँग

ता. क. सिफूंना आणलंतच, तर त्यांना फाटकाला टेकू देऊ नका. गाडी आता आत नसते. सुई एकाच बाजूला ओढली जाईल.

ता. क. २. फोनच्या खरखरीचं लिहिलं ते खरं नाही. फोन चांगला आहे. तुम्ही 'हॅलो' म्हणता ते अगदी तिच्यासारखं म्हणता, त्यापुढचं मला नीट ऐकू येत नाही. ती गेल्यापासून जावईबापू माझ्या हातचं खात नाहीत. मी टाकून आत गेलो की खातात, एरवी तिची खुर्ची असायची त्या कोपऱ्यात तळाशी बसून असतात. तर मला वाटलं, सिफूंना न घेता तुम्ही एकट्यानेच यावं, चार दिवस राहावं आणि खुर्चीत बसून त्यांना हाक मारावी. गुडघ्याला झेपणार असेल तरच. खोली तुम्हाला देईन, मी बाहेर झोपतो. कपाट अर्धंच उघडतं, कपडे बेताचे आणा.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी तळ्यावर जाऊन आलो. जावईबापू वर आले आणि माझ्या हातचं खाल्लं. म्हणजे वरच्या विनंतीला आता कारण उरलं नाही.

तरी या.