आईच्या पोटाची आकृती

धंतोली, नागपूर
९ जानेवारी १९७४

चि. मुकुंद यास ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. आम्ही इकडे खुशाल. माझं घर दवाखान्यांच्या रांगेत असल्यामुळे नातेवाईक इथे प्रेमाने येतात की पोटदुखीने, हे मी विचारणं सोडून दिलं आहे.

तुझ्या सुभद्राचं कार्ड मिळालं. आई ऑपरेशनला नाही म्हणते, ही ओळ मी दोनदा वाचली. मागच्या आठवड्यात डॉक्टरांपुढे मुकाट्याने मान हलवणारी बाई सावनेरला पोचताच फिरली कशी? पित्ताशयात खडे झालेत, पुढची कळ येण्याआधी पिशवी काढून टाका, असं डॉक्टरांनी तुझ्यादेखत सांगितलं होतं. दिवाळीत ती कशी लोळत होती, ते तू पाहिलं आहेस.

सुभद्रा लिहिते, आईचं म्हणणं असं की त्या डाक्टरले माही बाजूच माहीत नाही. हे तिच्या डोक्यात कुठून आलं? तू विज्ञानाचा मास्तर आहेस, म्हणून मला भीती वाटते. तू तिला समजावून तर सांगितलं नाहीस ना? तुझ्या लग्नात तू मांडवाची आकृती काढून दाराला लावली होतीस आणि वऱ्हाडी बाणामागे बाण पाहत आचाऱ्याच्या चुलीपाशी जाऊन उभे राहिले होते.

खरं काय ते कळव. लहानग्यांना पापे.

तुझी,
प्रेमिलाताई

सावनेर
१३ जानेवारी १९७४

ती. ताईस मुकुंदचा सा. नमस्कार.

पत्र मिळालं. टोमणेही मिळाले. मी केलं ते शास्त्राला धरूनच केलं. आईला घाबरवण्यापेक्षा समजावणं बरं, म्हणून मोठ्या कागदावर पोटाची सुबक, नामनिर्देशित आकृती काढली. यकृत तपकिरी, जठर गुलाबी, पित्ताशय हिरवं. कागद बैठकीत लावला. शेजारचे चंपतराव पाहून गेले आणि त्यांना भूक लागेनाशी झाली, इतकी ती हुबेहूब होती.

पण आईने जन्मभर ब्लाउज शिवले. तिने कागद भिंतीवरून काढला आणि कापड बेतायच्या कागदासारखा, चित्र आतल्या बाजूला ठेवून, तसाच स्वतःच्या पोटावर धरला. हिरवी पिशवी डावीकडे आली. दुखतं उजवीकडे. झालं. तेव्हापासून आल्यागेल्याला सांगते, का डाक्टर चुकीच्या बाजूनं कापणार हाय.

मी लगेच बाजूने दिसणारी दुसरी आकृती काढली, मग आडवा छेद दाखवणारी तिसरी. तिसरी पाहून ती म्हणाली, कापलेली पपई चांगली काढली. चौथी तुझ्या माहितीसाठी सोबत पाठवतो. बाण क्रमाने पाहावेत.

तुझा,
मुकुंद

नागपूर
१७ जानेवारी १९७४

चि. मुकुंद यास आशीर्वाद.

तुझी चौथी आकृती पोचली. तुझ्या भाऊजींना ती नळाच्या जोडणीची वाटली. त्यांनी गळती कुठे आहे तेही शोधून काढलं.

आता थट्टा पुरे. अरे, ती बाई आपल्याकडे तोंड करून उभी आहे, असं धरून तू चित्र काढलंस, आणि मग तिचं तोंडच काढलं नाहीस. मानेपासून वर काही नाही. मग आईला कसं कळावं, ती समोर पाहते की पाठमोरी आहे? बिनडोक्याचा, बिनहाताचा कागद म्हणजे तिच्या लेखी ब्लाउजचा बेत. तो अंगावर धरूनच पाहायचा असतो. तिचं काही चुकलं नाही.

तू म्हणशील, आकृतीत नको ते गाळायचं असतं. कबूल. पण नको ते कुणाला? तुझ्या वर्गाला आईचं तोंड नको असेल, आईला हवं आहे. पिशवी फुटली तर मग काही हाती राहणार नाही, असं डॉक्टर मला दाराशी हळूच म्हणाले होते. तुझ्यापासून हे लपवलं, कारण तू त्याचीही आकृती काढली असतीस.

त्या पोटावर डोकं काढ. कुठल्याही बाईचं नाही, तिचंच काढ.

ताई

सावनेर
२१ जानेवारी १९७४

ती. ताईस नमस्कार.

पोटाच्या आकृतीवर माणसाचा चेहरा कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसतो. शाळेत कुणी पाहिलं तर माझी शोभा होईल. परंतु काल आईला पुन्हा कळ आली. ओरडली नाही, उशी चावत बसली. मी पेन्सिल घेतली आहे. जास्त लिहवत नाही.

मुकुंद

सावनेर
२४ जानेवारी १९७४

चि. प्रेमिलाले आईचे आशीर्वाद.

(लिहिणार सुभद्रा. आई बोलतात तसंच लिहून राहिली, ताई, शुद्धलेखन पाहू नका.)

पोरी, आम्ही शुक्रवारच्या गाडीनं येऊन राहिलो. डाक्टरले सांगून ठेव. त्याच्यावर माहा राग नव्हता वं, मले भेव वाटत होतं. आता बाजूचा उलगडा झाला.

मुकुंदानं मले खाटेवर बसवलं आन् त्या पोटावर माहं तोंड काढलं. नाकातली चमकी काढली ते कागदाच्या उजव्या अंगाले. मी म्हटलं, काहून गा, माही चमकी तं डाव्या नाकात हाय, तू माहं तोंड काढून राहिला का चंपतरावच्या बायकोचं? तो म्हणे बराबर हाय. मी म्हटलं चूक हाय. सुभद्रा समोर भाजी निवडत होती. तिच्या नाकाकडे पाह्यलं, तं तिची डावी चमकी बी माह्या उजव्या हाताकडेच दिसे. तवा डोक्यात आलं का कागदावरची बाई माह्यासमोर बसली हाय. मंग तिची हिरवी पिशवी बी माह्या दुखत्या बाजूचीच झाली. एवढं साधं होतं, पण तुह्या भावाले बाणाबिगर सांगताच येत नाही.

तोंड काही जमलं नाही. पोट त्यानं घटकाभरात काढलं होतं, तोंडाले सारी दुपार घातली. खोडून खोडून कागद फाटाले आला. शेवटी वैतागून म्हणे, आई, जरा माह्याकडे पाह्य. मी म्हटलं, मी तं कवाची पाहूनच राहिली बापा. तूच कागदाकडे पाहून राहिला.

मंग त्यानं मान वर केली.

जावईबापूले नमस्कार सांग. माया हाय तशीच राहू दे.

तुही आई,
कौसल्या