उज्वलाताई, डोळे मिटा

सोमवार, ३ नोव्हेंबर

ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण ऐकलं! हर्षल गॅलरीत मित्राशी फोनवर – "पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचं पझेशन मिळालं रे. दोघं जाऊ तिकडे. पण आईला सांगायचं कसं?" मी आत लसूण सोलत होते. सोलतच राहिले.

विचारू? कसं विचारू! एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली. साहेबांच्या बदल्या, बायकांची भांडणं, कुणाचं कुणाशी जमलंय – सगळं या कानांनी ऐकलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. लाइनवर ऐकलेलं लाइनवरच सोडायचं. आता पोटच्या पोराचं ऐकलं तरी जीभ उचलत नाही. यांना जाऊन चार वर्षं झाली. लेक आणि सून गेले की या घरात मी आणि फ्रिजचा आवाज.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मशेरी दोनदा लावली. झोप नाही ती नाहीच.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सूनबाईंचा संमोहन-उपचाराचा ऑनलाइन कोर्स चाललाय. परीक्षेआधी एका माणसावर पाच सेशन करून दाखवायचीत, आणि माणूस मिळेना! शेजारच्या लताबाई म्हणाल्या, "नको गं बाई, झोपेत भलतंच काही बोलून बसायचे." मी म्हटलं, मी बसते. योगिनी बघतच राहिली. हर्षल – "आई, तू?" हो, मी! डाव साधा आहे. पोरगी तासतासभर समोर बसेल, कधीतरी फ्लॅटचं तोंडून निघेलच.

"त्रास कोणता लिहू, आई?" मशेरी लिही म्हटलं. चाळीस वर्षांची सवय आहे, पाच सेशनला पुरून उरेल.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पहिलं सेशन. मला वाटलं, डोळ्यांपुढे घड्याळ हलवणार, रोखून बघणार. कसलं काय! यांची जुनी आरामखुर्ची, पंखा दोनवर आणि एक छापील फॉर्म. चष्मा आत होता, दिली सही ठोकून. वर म्हणे, "सेशनमध्ये तुम्हाला आई म्हणणार नाही हं. उज्वलाताई म्हणेन, तसा नियम आहे." सासूला नावानं हाक मारायचा कोर्स! तोही फी भरून!

"उज्वलाताई, डोळे मिटा. श्वास सावकाश सोडा. पाय जड होतायत…" कसले जड होतायत! भंगारवाला गेला तो ऐकला. लताबाईंच्या कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकल्या. मी टक्क जागी. पण पोरीचा आवाज कापत होता, परीक्षा आहे बिचारीची. मग मान टाकली, तोंड जरा उघडं ठेवलं. नाटक बरं वठलं म्हणायचं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

"मशेरी कधी लावावीशी वाटते, उज्वलाताई?" डोळे मिटलेले होते म्हणूनच असेल, पटकन बोलून गेले – "माझी सून ओला टॉवेल पलंगावर टाकते तेव्हा."

योगिनी एकदम गंभीर आवाजात, "आणि तेव्हा तुम्हाला काय वाटतं?"

"तिच्या उशीवर बादली ओतावीशी वाटते."

"अजून काही?"

अजून! दीड वर्षाचं साठलं होतं. पिंपळगावहून, तिच्या माहेरून येणारा काळा मसाला साध्या वरणातसुद्धा पडतो. मी फोडणी घातली की ही मागून येऊन गॅस बारीक करते. सगळं सांगितलं. झोपलेल्या माणसाला कोण दोष देणार! उठल्यावर भोळा चेहरा करून विचारलं, "मी काही बोलले का गं?" "नाही आई, विशेष काही नाही." कान लालबुंद झाले होते तिचे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

टॉवेल दोरीवर!

रविवार, १६ नोव्हेंबर

आज तिनं उट्टं काढलं. "उज्वलाताई, कल्पना करा, तुम्ही तुमच्या सुनेच्या जागी आहात. तुम्ही भांडी घासून ठेवता. सासूबाई येतात आणि तीच भांडी परत घासतात. रोज. कसं वाटतं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं! डोळे मिटलेले, पळणार कुठे? "वाईट वाटतं," म्हटलं. आणि खरंच वाटलं.

फ्लॅटचं मात्र ती बोलली नाही. मीही विचारलं नाही, मिटल्या डोळ्यांनीसुद्धा नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

भांड्यांना हात लावला नाही. फार शिवशिवत होते हात! संध्याकाळी लक्षात आलं, सकाळी मशेरीच लावली नाही. विसरले! संमोहनानं? छे, मी तर जागी होते.

शनिवार, २२ नोव्हेंबर

चौथ्या सेशनआधी टेबलावर तो फॉर्म दिसला. आज चष्मा होता. "उपचारात तुम्ही झोपणार नाही. आजूबाजूचं सगळं ऐकू येईल, नंतर आठवेलही. मनाविरुद्ध तुमच्याकडून कुणी काही वदवू शकत नाही. आपण नुसतं नाटक करतोय, असं अनेकांना वाटतं." आणि खाली माझी सही!

म्हणजे टॉवेल, मसाला, गॅस – मी शुद्धीत बोलतेय हे तिला ठाऊक होतं. तरी विचारत राहिली, अजून काही? आधी लाज वाटली. मग इतकं हसू आलं की लताबाई खिडकीत आल्या. मग त्या पोरीची फार माया आली, आणि हीच जाणार म्हणून राग आला. सेशनमध्ये आज नुसते श्वास मोजले.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

शेवटचं सेशन. योगिनी स्वतःच खुर्चीत बसली. "आज तुम्ही विचारा." डोळे मिटले. काय सांगायचंय, म्हटलं.

"माझ्या सासूबाईंना सांगायचंय. दत्तजयंती झाली की आम्ही नव्या घरी जातोय. त्यांच्यासाठी खोली आहे. पण चला म्हटलं तर आमच्यासाठी हो म्हणतील, आणि तिकडे झुरत बसतील. म्हणून आम्ही विचारतच नाही."

"विचारून तर बघ."

डोळे न उघडताच विचारलं तिनं, "याल का, आई?"

"नाही," म्हटलं. आणि किती बरं वाटलं! कुणीतरी विचारायला हवं होतं, बस.