फाटकाबाहेरची फुलं

प्रिय साधना,

हे पत्र नत्थुजींनी तुझ्या हातात ठेवलं असेल आणि अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. फक्त फाडू नकोस, आणि आजची फुलं त्यांच्याकडे देण्याआधी वाचून काढ, एवढंच. 'प्रिय' लिहिताना माझा हात अडखळला. माझ्या भावाशी लग्न करून तू आमच्या घरात आलीस तेव्हापासून तू मला ताई म्हणत आलीस आणि मी मात्र चारचौघांत तुला 'रूबेनची बायको' म्हणत राहिले. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. चौतीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. तिथे पेशंटच काय, नवे डॉक्टरसुद्धा मला टरकून असायचे, आणि त्याचा मला अभिमान होता.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. गुडघे कुरकुर करतात, पण घरात बसवत नाही, म्हणून इथे अकोल्यात धर्मादाय नेत्रशिबिरात आठवड्यातून दोनदा जाते आणि मोतीबिंदू काढलेल्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालते. गेल्या महिन्यात तिथल्या एका खाटेवर नत्थुजी होते. मी त्यांना लगेच ओळखलं. अमरावतीच्या आपल्या कबरस्तानात कबरी खणणारे, फाटकाची किल्ली सांभाळणारे तेच. त्यांना मात्र मी दिसत नव्हते, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यात धुकं. मी गळ्यातला क्रूस बाजूला सारून खाली वाकले तेव्हा तो त्यांच्या हाताला लागला. त्यावरून त्यांनी बोलायला सुरुवात केली. म्हणाले, "तुमच्यातल्या एका मास्तरीणबाईच्या कबरीवर फुलं घेऊन एक बाई येते. महिन्याचा शेवटचा गुरुवार चुकवत नाही. पण फाटकाच्या आत पाय नाही टाकत. मी म्हटलं, काहून बाई, फाटक तं उघडं हाये. थे म्हणते, मले आत यायची मनाई हाये. इचारलं, कोनं केली? तं म्हणते, घरच्याच मानसानं. आन् फुलं मह्या हाती देते."

ती मास्तरीणबाई म्हणजे आपली आई. थेंब डोळ्यात पडायचा तो त्यांच्या गालावर पडला. चौतीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं.

घरच्याच माणसानं. साधना, तू माझं नावसुद्धा घेतलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर नाव, गाव आणि नोकरीचा हुद्दा सगळं सांगितलं असतं. मी खाटेच्या कडेला बसले आणि त्यांना म्हटलं, मनाई करणारी मीच. त्यांनी गालावरचा थेंब पालथ्या हाताने पुसला. मग अगदी सहज म्हणाले, "मंग तुमीच काढा ना थे मनाई. मी कसा काढू?"

त्या दिवशीचं सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, तरी मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचं आहे. आईला माती दिली तो मे महिन्याचा शेवटचा गुरुवार होता. दुपारी तीनचं ऊन, रूबेनचा खांदा शवपेटीखाली, तो पुढे निघून गेलेला. तू फाटकाशी थांबली होतीस, कडेवर चार वर्षांची मोनाली आणि हातात मोगऱ्याची माळ. तुझ्या वडिलांनी, केशवरावांनी, पहाटे चांदूरच्या शेतातून फुलं तोडून स्वतः ओवलेली. आई लकव्याने अंथरुणाला खिळल्यापासून तू रोज संध्याकाळी तिच्या उशाशी वाटीभर मोगरा ठेवायचीस, हे मला माहीत होतं. तू माळ घेऊन आत येऊ लागलीस आणि महिला मंडळाच्या सगळ्या बायकांसमोर मी हात आडवा धरला. म्हटलं, "बाप्तिस्मा न झालेल्यांनी बाहेर थांबायचं असतं." तू थांबलीस. दफनविधीचा पाऊण तास तू त्या उन्हात पोरीच्या डोक्यावर पदर धरून उभी राहिलीस.

असा नियम आपल्या चर्चच्या मंडळीत कधीच नव्हता, साधना. आजही नाही. आईच्या शाळेतले कितीतरी हिंदू, मुसलमान, बौद्ध शिक्षक त्या दिवशी आत उभे होते आणि त्यांनी मूठमूठ माती दिली. शवपेटीवरचा फुलांचा क्रूसही बाप्तिस्मा न झालेल्या कुठल्या तरी माळ्याच्याच मळ्यातून आलेला होता. तो नियम मी तिथल्या तिथे केला, आणि तू तो नऊ वर्षं पाळत आलीस.

संध्याकाळी रूबेनला कळलं तेव्हा तो ओरडला नाही. म्हणाला, "ताई, तुले जे बरोबर वाटलं थे तू केलं. आता मह्या घरी येऊ नको." मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. मग वाटलं, विश्वासासाठी सोसावंच लागतं. बघ किती सोयीचं होतं. दरवर्षी पुनरुत्थानाच्या म्हणजे ईस्टरच्या सणाआधी मी अमरावतीला येऊन मंडळातल्या बायकांबरोबर आईच्या कबरीला चुना लावून जात होते. कबरीवर दरवेळी फुलं असायची. कधी निशिगंध, कधी झेंडू, थोडी सुकलेली, पण नीट मांडलेली. मी एका सभेत उभी राहून अमरावतीच्या महिला मंडळाचे त्याबद्दल जाहीर आभार मानले. त्या एकमेकींकडे पाहून हसल्या. मला वाटलं, विनय आहे. त्या बिचाऱ्या विचार करत असतील की ही कुठल्या फुलांबद्दल बोलते आहे.

नत्थुजी भेटले त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजन होतं. तू आमच्यात कधी ते पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. भाकर वाटण्याआधी पाळक दरवेळी म्हणतात की ज्याच्या मनात कुणाशी बिघडलेलं असेल त्याने आधी जाऊन ते मिटवावं, मग हात पुढे करावा. नऊ वर्षं मी ते ऐकत होते आणि पुढच्या बाकावरच्या दोन भांडकुदळ जावांकडे पाहत होते. माझं कुणाशी बिघडलेलं नव्हतंच ना, मी तर बरोबर होते. त्या दिवशी तबक माझ्यासमोर आलं आणि मी ते तसंच पुढे दिलं. बायकांना वाटलं, माझी साखर वाढली.

संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. भला माणूस आहे, वयाने माझ्या मुलासारखा. सगळं ऐकून म्हणाले, प्रार्थना करा, देव क्षमा करतो. मी म्हटलं, उन्हात देव उभा नव्हता, साहेब, साधना होती. ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले की तुमचं बरोबर आहे. पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी, जेव्हा कुणीही उठून आपला अनुभव सांगतो, मी उभी राहिले आणि जे तुला इथे लिहिलं तेच भर मंडळीसमोर सांगितलं. मागून कुणीतरी खाकरलं. मी शेवटपर्यंत बोलूनच खाली बसले. ज्याच्या नावाने मी तुला बाहेर ठेवलं, तो येशू आयुष्यभर बाहेर ठेवलेल्यांच्याच घरी जेवला. हेच मी पंचवीस वर्षं रविवारच्या शाळेत पोरांना शिकवलं आणि माझ्याच फाटकाशी विसरले.

पण जे मंडळीतही सांगितलं नाही ते आता सांगते. त्या सकाळी आईला शेवटची आंघोळ मी घातली होती. तिला कुशीवर वळवलं आणि पाठ पाहिली. तीन वर्षं अंथरुणावर असलेल्या बाईच्या पाठीवर एकही जखम नव्हती. साधा लाल डागसुद्धा नाही. मी सिस्टर आहे, मला कळतं त्याचा अर्थ काय होतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीही, तीन वर्षं. माझ्या वॉर्डात हाताखाली सहा मुली असूनही मला ते जमलं नसतं. आणि मी त्या तीन वर्षांत आईकडे मोजून दहा-बारा वेळा आले, प्रत्येक वेळी चादर नीट नाही म्हणून तुला बोलून गेले. ती पाठ पाहून मला तुझ्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी तुझा भयंकर राग आला. माझी आई तू घेतलीस असं वाटलं. दुपारी फाटकाशी आडवा आला तो हाच राग होता. धर्माचं फक्त नाव पुढे केलं.

जखम वरून बुजली आणि आत पू राहिला की ती उघडून धुवावी लागते, दुखलं तरी. तेच करते आहे. तुझं दुःख मी आजवर धुतलं नाही, उलट वरून पट्टी बांधून विसरले. मला लाज वाटते, साधना. मी चुकले, आणि त्याची तुझ्याकडे क्षमा मागते. तू बाप्तिस्मा घ्यावास म्हणून हे लिहीत नाही. तुझं कुंकू तुझं आहे. रूबेनने माझ्याशी बोलावं म्हणून मध्यस्थी कर, असंही सांगणार नाही. त्याला मी वेगळं लिहीन. मोनालीलाही एक दिवस माझ्या तोंडून सांगायचं आहे की तिची आई कुणाच्या चुकीने उन्हात उभी होती.

आता पत्र का लिहिलं ते. समोर येऊन बोलले असते तर तू मोठ्या नणंदेचा मान म्हणून 'जाऊ द्या ताई' म्हणाली असतीस, आणि तसं मला तुझ्याकडून नको होतं. कागदाला तू नाही म्हणू शकतेस. मी सकाळच्या एसटीने आले आहे. मान वर करून रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली बघ, पांढऱ्या साडीतली ती मीच. पायाशी चुन्याची बादली आहे आणि कुंचले दोन आणले आहेत. तुला जावंसं वाटलं तर फुलं नेहमीसारखी नत्थुजींकडे दे आणि खुशाल जा. मी हाक मारणार नाही, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी पुन्हा इथेच असेन, आणि त्याच्या पुढच्याही. पण फुलं आज स्वतःच्या हाताने आईपाशी ठेवावीशी वाटली, तर फाटक उघडं आहे आणि मनाई मी काढली आहे. तू आधी आत जा. तू आत गेलीस आणि मागे वळून मला ये म्हणालीस, तरच मी येईन. तोवर माझीही जागा बाहेरच.

तुझीच,
एस्तेर