इशारा आला की निघेन

२ मार्च

ती. आईस,
चिंगीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यावर तू 'बरी आहे' एवढंच म्हणतेस. म्हणून वादाचं सगळं पत्रात लिहायचं असं आपलं ठरलंय. तर वाद.

दादाचं म्हणणं, उन्हाळाभर तू त्याच्याकडे राहावंस. तुझी खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर नुसता स्लॅब, खिडकी पश्चिमेला. गेल्या उन्हाळ्यात तुला चक्कर आली ती तू लपवलीस आणि आम्हाला खालच्या शिंपीणबाईंकडून कळली. वीजकेंद्राच्या वसाहतीतलं दादाचं घर गार आहे, वहिनी घरी असते, दवाखाना दारात आहे. तुझं म्हणणं, तिथे खिडकीच्या कठड्यावर रोज राख पडते, तुला खोकला होतो, आणि मुलाच्या घरी चार महिने पाहुणी होऊन बसण्यापेक्षा आपली खोली बरी. मला दोघांचंही पटतं, हीच माझी जन्माची अडचण.

म्हणून मधला मार्ग. ज्या दिवशी आमचं हवामान खातं रेडिओवरून तुमच्या भागासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा देईल, त्या दिवशी तू बॅग उचलून दादाकडे जायचं. इशारा मागे घेतला की परत. कबूल असेल तर कळव.

माझी बातमी अशी, की वर्षभर चाललेलं काम संपलं. प्रत्येक गावाचं 'सामान्य तापमान' म्हणजे तीस वर्षांची सरासरी. दर दहा वर्षांनी त्यातली सगळ्यांत जुनी दहा वर्षं गाळायची आणि नवी दहा घालायची, असा नियम आहे. यंदा ते माझ्याकडे होतं. एक तारखेपासून नवे आकडे लागू झाले. तुझ्या गावाचा आकडा मी मुद्दाम स्वतः तपासला, दोनदा.

औषधं वेळेवर घे. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझी,
चिंगी


१० मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तह मंजूर. मुख्याध्यापिका असताना घंटा झाल्याशिवाय मी कुणाला वर्गाबाहेर सोडलं नाही, आणि घंटा झाल्यावर कुणाला डांबून ठेवलं नाही. रेडिओ ही माझी घंटा. इशारा आला की निघेन. पण इशारा नसताना तुझ्या दादाने मला न्यायला येऊ नये, हेही तहात घाल. मागच्या वेळी तो आला आणि मला गादीच्या गुंडाळीसारखी उचलून घेऊन गेला.

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. त्यात कपडे, औषधं, जादा चष्मा आणि खोकल्याची बाटली. बाटली त्याच्या धुराड्याच्या मानाने मोठी घेतली आहे. ते जुनं धुराडं यंदा बंद होणार असं तो म्हणत होता. बंद झालं की मी कायमची येते, असं त्याला सांग. त्याला वाटतं म्हातारी बहाणे करते.

तुमच्या सरासरीचं वाचून हसू आलं. थंड वर्षांची नावं पटावरून कमी केलीत आणि तापट वर्षांना प्रवेश दिलात. आमच्याकडे असं केलं असतं तर तपासनीस धावून आले असते. पण तू केलंस म्हणजे बरोबरच असणार. लहानपणी तू चिठोऱ्यावरसुद्धा समास सोडायचीस.

इकडची काळजी नको, स्वतःची कर. केस फार पांढरे झालेत तुझे.

तुझी आई


१४ एप्रिल

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

आईचं ते जुनं धुराडं, म्हणजे आमचा जुना वीजसंच, बंद होत नाही. पुन्हा दोन वर्षांची मुदतवाढ, शिवाय मागच्या मैदानात नवा संच बसवणार आहेत. तो माझ्या हाताखाली येईल, म्हणजे पगार वाढेल. वहिनीने खिडकीचे नवे पडदे बघून ठेवलेत.

काल साहेबांना म्हटलं, ऊन वाढलं की लोक घरं गार करतात, त्याला वीज लागते, विजेसाठी आपण कोळसा जाळतो, आणि त्या धुराने ऊन वाढतं. हे थांबणार कुठे? ते म्हणाले, थांबू नये, तेवढीच आपली नोकरी पक्की. आम्ही दोघंही हसलो. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा महिन्याच्या महिन्याला पगार घेतो हे म्हण करणाऱ्याला ठाऊक नसावं. तुझ्या शेजारच्या खोलीत देशाच्या धुराचा वार्षिक हिशेब करतात ना? त्यांना सांग, यंदाही आकडा वाढवूनच लिहा, माझा शब्द घ्या.

आता मुद्द्याचं. आठवडाभर इथे अंगाची लाही होते आहे. नदीचं पाणी इतकं कोमट आहे की आमची यंत्रं त्याने गार होत नाहीत. आईचं गाव काही शंभर कोस पलीकडे नाही की तिथे वेगळं ऊन पडावं. मग तुमचं खातं तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलंय? आईला फोन केला, तर म्हणाली, घंटा झालेली नाही. मी न्यायला जाणार होतो, पण तहात आईचं ते कलमही तू घालू दिलंस. इकडे सगळ्यांच्या रजा रद्द आहेत. काय ते लवकर कळव.

दादा


२१ एप्रिल

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. घामाने कागद हाताला चिकटतो.

रेडिओवरची बाई रोज सांगते, तापमान सामान्यपेक्षा किंचित जास्त. मी मान डोलावते, कारण ते सामान्य माझ्या लेकीने काढलेलं आहे. शिंपीणबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तुमच्या लेकीला जरा कमी काढायला सांगा की.

खरं सांगू का, मला जास्त उकडतं. भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा वाटतो. ओला टॉवेल अंगावर घेऊन निजते, तो डोळा लागायच्या आत खडखडीत होतो. मधूनच वीज जाते, मग पंखाही नाही. पण तुमची यंत्रं किंचित म्हणतात तर किंचितच असणार. बाकीचं वय असेल. म्हातारपणी माणसाला सगळंच जास्त वाटतं, जिना उंच वाटतो, रात्र मोठी वाटते. म्हणून दादाला काही कळवलं नाही.

बॅग दाराशीच आहे. इशारा आलाच तर माझी मिनिटाचीही खोटी नाही.

तुझी आई


२५ एप्रिल

ती. आईस,
सा. न.

पत्र आज मिळालं. दादाच्या पत्रानंतर मी आमच्या साहेबांकडे गेले होते, तेव्हा ते म्हणाले होते की आकडे बघू. आज तुझं पत्र घेऊनच गेले. त्यांनी शांतपणे आकडे दाखवले. इशारा कधी निघतो, तर तापमान सामान्यपेक्षा ठरलेल्या अंशांनी वर चढलं तर. सामान्यच वर चढलं असेल तर तेवढंच ऊन आता इशाऱ्यापर्यंत पोचत नाही. जुन्या सरासरीने तुमच्या गावाला गेले दोन आठवडे इशारा असता. नव्या सरासरीने तो थोडक्यात हुकतो, रोज. आकडा चुकलेला नाही. मी तो दोनदा तपासला होता.

आई, तुला जास्त उकडतं ते वयामुळे नाही. जास्त उकडतंय.

तह मी मोडते आहे. घंटेची वाट बघू नकोस. बॅग उचल आणि दादाकडे जा.

तुला हे पत्र मिळेपर्यंत आणखी दिवस जातील, म्हणून कचेरीतून फोन केला. तू विचारलंस, इशारा आला का. मी म्हटलं, नाही, पण तू तरीही जा. तुला 'नाही' तेवढं ऐकू आलं. तू म्हणालीस, मग बरं, आणि ठेवून दिलास. पुन्हा लावला तो लागला नाही. नुसतं हो म्हणायला हवं होतं, हे मला ठेवल्यावर सुचलं. दादाला कळवलं आहे. तो रविवारी येतो म्हणाला, त्याआधी सुटका नाही. तोवर शिंपीणबाईंकडे खाली बस, त्यांची खोली गार आहे.

चिंगी


१२ मे

चि. चिंगीस,

तू परत गेल्यापासून लिहीन म्हणतो आहे. त्या रविवारी दार उघडल्यावर मी काय पाहिलं ते चार माणसांत तुला सांगितलं नाही. आई झोपेत गेली असं सगळ्यांना सांगितलं. ती झोपेत नव्हती. दाराशी जमिनीवर होती, भिंतीला टेकून. पायात चपला होत्या. बॅगेचा पट्टा मनगटात अडकवलेला होता. रेडिओ चालू होता. कधीपासून तशी होती, डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही.

ती निघाली होती की नुसती तयार होऊन घंटेची वाट बघत बसली होती, हे मला कळत नाही. तुझं पत्र खालच्या पेटीत होतं, न फोडलेलं. शिंपीणबाई त्या दोन दिवसांत बहिणीकडे गेल्या होत्या. त्या रडत होत्या, मीच त्यांची समजूत काढली.

आणखी एक. शुक्रवारी दुपारी नदीच्या पाण्यामुळे आमचा एक संच बंद पडला आणि पलीकडच्या गावांची वीज तोडावी लागली. कोणकोणत्या गावांची तोडली ते वरच्या केंद्रातून ठरतं. मी विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस.

दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडून असं लिहिलं आहे. डॉक्टरांना म्हटलं, उन्हाने असं लिहा. ते म्हणाले, लाट जाहीर झाली नसेल तर तसं लिहिता येत नाही.

नवा संच सुरू करायचं काम या आठवड्यात माझ्याकडे आलं. मी हो म्हटलं. नाही म्हणून काय केलं असतं?

दादा


२० मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून ठेवलं आणि पुन्हा काढलं, असं बरेचदा झालं. चपलांचं सांगितलंस ते बरं केलंस. मला मानायचं आहे की ती इशाऱ्याशिवाय निघाली होती, आयुष्यात एकदा घंटेआधी उठली होती. पण माझ्या सोयीचं आहे म्हणूनच मला ते मानावंसं वाटतं, आणि तिला आपण दोघंही ओळखतो. रेडिओ चालू होता.

दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. इशारा सरासरीवरून निघतो हे ठाऊक होतं, आणि सरासरी तर मीच वर नेली होती. दोन्ही एकाच पत्रात लिहून मी ते आईला पाठवलं. दोन ओळींमध्ये बोटभर जागा होती, ती मला ओलांडता आली नाही. तिच्याशी तह करताना मी मुलगी होते आणि आकडा तपासताना कारकून. दोघींची गाठ पडली नाही.

साहेबांना टिपण दिलं, की इशारा निदान जुन्या सरासरीवरून द्यावा. ते माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, तसं केलं तर अख्खा उन्हाळा इशाराच राहील, आणि रोजच्या इशाऱ्याला कोण उठतं? टिपण फाइलला लागलं.

शेजारच्या खोलीतलं धुराचं काम परवा संपलं. तू म्हणालास तसंच झालं, आकडा वाढला. अहवालातल्या धूर कमी करण्याच्या आश्वासनांच्या प्रकरणात गेल्या वर्षीचीच वाक्यं आहेत, फक्त साल बदललं. टंकलेखक म्हणाला, बाई, या पानाला मला आता बघावंही लागत नाही.

आणि काल महिन्याचे आकडे माझ्या टेबलावर आले. त्यात आपल्या गावाचे ते तीन दिवस होते, शुक्रवार, शनिवार, रविवार. कुठे टाचणीएवढीही खूण नाही. मी ते तपासले आणि चढवले. पुढच्या वेळी सरासरी काढतील तेव्हा हेही दिवस तिच्यात धरले जातील. त्यांच्यामुळे सामान्य केसभर आणखी वर सरकेल, आणि तेव्हा दाराशी बॅग घेऊन बसलेल्या कुणाच्या तरी आईला इशारा मिळणं तेवढंच आणखी अवघड होईल. ते काम बहुधा माझ्याकडेच येईल. मीही हो म्हणेन.

आईची बॅग तुझ्याकडेच राहू दे. वहिनीला म्हणावं, खोकल्याची बाटली टाकू नका.

लोभ वाढावा असं लिहायला हात धजत नाही. वाढायचं ते सगळं वाढतंच आहे. आहे तेवढा सांभाळ.

तुझी,
चिंगी