बाबांना मालक व्हायला शिकवलं त्याची हकीकत

तीर्थरूप आत्या,

तुला नमस्कार, आणि हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या पोस्टमनकाकांनाही नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना अजून भिंत धरतेस का? पहिल्या ओळीत ‘इकडे सगळे मजेत’ असं लिहायचं असतं, पण ते खरं नाही, म्हणून नुसतं ‘सगळे जेवतात’ एवढंच लिहिते. (आई दोन दिवस कमी जेवते आहे, तेव्हा तेही पूर्ण खरं नाही.) पत्र लांब आहे. काकांना आणखी कुठे टपाल द्यायचं असेल तर त्यांनी आधी ते देऊन यावं, माझ्यामुळे कुणाचं पत्र अडकायला नको.

नव्या कायद्याने जमीन जो कसतो त्याच्या नावावर होणार, हे तुझ्या कानावर आलंच असेल. ओढ्याकाठचं शेत आपण तीस वर्षं कसतोय, म्हणजे ते आपलं व्हायला हवं. पण त्यात एक मेख आहे. नुसतं मालक सांगेल तसं राबणारा तो मजूर, आणि स्वतःच्या मर्जीने पेरणारा तो कूळ. जमीन मिळणार कुळाला. पाहणीला साहेब आले आणि त्यांनी बाबांना साधं विचारलं, “यंदा काय पेरणार?” बाबा म्हणाले, “मालक सांगतील ते.” झालं! साहेबांनी वहीत ‘शंका’ असं लिहिलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहणी ठेवली. (मी ते उलट्या बाजूने वाचलं. दुसऱ्याची वही होती, वाचायला नको होतं.) आता गंमत अशी, की मालक तीस वर्षं एकच सांगत आलेत, “पेर बाबा तुला काय पेरायचं ते.” पण त्यांनी ते सांगितल्याशिवाय बाबा पेरत नाहीत.

दुसऱ्यांदाही शंका राहिली तर शेत सरकार घेणार आणि भलत्यालाच देणार. मालकांकडे ते राहणार नव्हतंच, त्यांची जमीन कायद्यापेक्षा जास्त भरली होती. तरी हे ऐकून सगळ्यात जास्त चिडले ते मालकच. म्हणाले, “जमीन गेली त्याचं मला काही नाही, पण इतकी वर्षं माझ्यासमोर उभा राहून हा गाढव मालकी करायला शिकला नाही? उद्यापासून शिकवणीला ये.” आई म्हणाली, “तुम्हीच या, त्यांना कामं आहेत.” आणि मालक आले, स्वतःची खुर्ची घेऊन.

पहिला धडा बसण्याचा. बाबा खुर्चीवर बसायचे आणि मालक दिसले की उठायचे, आणि शिकवायला मालकच असल्यामुळे धडा काही पुढे सरकेना. शेवटी मालकांनी बाबांना पाठमोरं बसवून मागून शिकवलं. दुसरा धडा, पीक कितीही चांगलं असलं तरी त्याच्याकडे मन मोडल्यासारखं बघायचं. तिसरा, कुणी काही विचारलं तर पहिल्या खेपेला उत्तर द्यायचं नाही. चौथा, हात खिशात. मालकाचे हात लोकांना दिसता कामा नयेत. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि ही लबाडी तर होत नाही ना, असं मालकांना विचारलं. ते म्हणाले, “मी जन्मभर हेच केलं, मला कुणी लबाड म्हणालं नाही.” याने माझं समाधान झालं नाही.

मग रागवायचा सराव. त्याला समोर कुणीतरी कूळ हवं. आईला विचारलं तर ती म्हणाली, “करा की सराव, संध्याकाळी चूल पेटते का बघू.” मी उभी राहिले, पण बाबांनी रागवायच्या आधीच मी “चुकलं” म्हणून मोकळी व्हायचे. तेव्हा मालकांनी स्वतःच बाबांचा फाटका सदरा घातला, जोडे काढले, फावडं घेतलं आणि म्हणाले, “चल, ओरड माझ्यावर.” बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आत्या, मालक काय कूळ झाले म्हणून सांगू! मान खाली, आवाज बारीक, “होय मालक, जी मालक.” आठव्या दिवशी बाबा ओरडले, “पाटाचं पाणी कोण वळवणार, तुझा काका?” ओरडून झाल्यावर स्वतःच इतके घाबरले की खुर्चीसकट मागे पडले. आई म्हणाली, “चला, माणसात आलात.”

आणि त्यानंतर दोन दिवसांनी साहेब ठरल्या तारखेच्या आधीच आले. तेही दुसरेच, पहिल्यांची बदली झालेली. त्यांनी पाहिलं काय, तर बाबा मालकांचा कोट घालून खुर्चीवर, हात खिशात, उभ्या पिकाकडे मन मोडल्यासारखे बघताहेत. आणि पिकल्या केसांचे मालक गुडघाभर चिखलात पाट खणताहेत. साहेब म्हणाले, “हे शेत कोण कसतं?” बाबा गप्प. (तिसरा धडा.) साहेब लाल झाले. मालक भूमिकेत इतके शिरले होते की हात जोडून म्हणाले, “साहेब, आमच्या मालकांना काही बोलू नका.” साहेबांनी त्यांचे हात बघितले, दहा दिवसांचे ताजे फोड, आणि आपला रुमाल काढून त्यांना दिला.

आता माझी चूक सांगते. कारकून आला नव्हता म्हणून साहेबांनी मला विचारलं, “लिहिता येतं का?” घरात लिहिता येणारी मी पहिली, मला तेवढ्यातही बरं वाटलं. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले, “प्रत्यक्ष कसणारा, खाली अंगठा केलेला इसम.” हे उलटं होतंय ते मला कळत होतं, पण शाळेत बाई शुद्धलेखन घालत तेव्हा मध्ये बोलायचं नसे, हात वर करायचा असे. मी हात वर केला. साहेबांना काही वेगळंच वाटलं. म्हणाले, “जा, जाऊन ये.” आणि मी गेले! परत आले तर जीप नव्हती. मालकांना झोकदार सही येते, पण कुळाला येत नाही म्हणून त्यांनी अंगठा दिला होता.

गेल्या आठवड्यात हुकूम आला. शेत मालकांना मिळालं, कूळ म्हणून. बाबांना ताकीद आली, की गरीब कुळाला त्रास देऊ नये. मालक कचेरीत जाऊन ओरडले, “अहो, मीच मालक आहे!” तिथल्या लोकांनी त्यांना पाणी दिलं आणि कुणाच्या दडपणाखाली येऊ नका म्हणाले. बाबा गेले, तर पहिल्या खेपेला बोलायचं नाही ही सवय जाईना, आणि सगळ्यांनी उठून त्यांना खुर्ची दिली.

हरकतीचा अर्ज करायला मुदत आहे. अर्ज मीच लिहून दिला आहे, या खेपेला कुणी न सांगता. काळजी करू नकोस.

तुझी भाची

ता. क. १ : शुक्रवारी सुनावणी आहे. शेत पहिल्यापासून कोण कसत आलं हे सांगायला घरातलं वडीलधारं माणूस लागतं. तू ये. जिना नाही, तळमजला आहे, मी विचारून घेतलं.

ता. क. २ : (काका, आधी आत्याला बसू द्या.) अर्जात ‘कोण किती दिवस राबतं’ असा रकाना आहे. मी अंदाजाने लिहिणार नव्हते, म्हणून वर्षभराचे दिवस मोजले. नांगरणी बाबांची. पेरणी, खुरपणी, पाणी, कापणी, राखण आईची. मी तीनदा मोजले. म्हणून ‘कसणाऱ्याचं नाव’ या रकान्यात आईचं नाव लिहिलं आहे. बाबांना अर्ज दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. ते लांब बघत बसले होते, दुसऱ्या खेपेला “ठीक आहे” म्हणाले आणि अंगठा केला. आईने ऐकलं. तेव्हापासून ती नीट जेवत नाही.

ता. क. ३ : बाबांनी ऐकलंच नव्हतं, हे मला माहीत आहे. अर्जात आईचं नाव आहे हे सुनावणीच्या आधी त्यांना कळायला हवं, आणि सांगायला गेले की माझा आवाज फुटत नाही. तू त्यांची थोरली बहीण आहेस. शुक्रवारी नको, गुरुवारीच ये.