समोरच्या स्टँडमधली न वळणारी मान

प्रति,
मा. प्रेक्षक व्यवस्था अधिकारी,
वळण स्टँड (ट्रॅकची पलीकडची बाजू),
मोटार शर्यत मैदान.

मार्फत: मदत खिडकी, कुटुंब स्टँड (अलीकडची बाजू)

अर्जदार: कुटुंब स्टँडमधील एक प्रेक्षक, आपल्या स्टँडमधील एका प्रेक्षकाची सून

विषय: वळण स्टँडमधील एका वृद्ध प्रेक्षकाची मान गाड्यांबरोबर वळत नसल्याबाबत व त्यांची तातडीने विचारपूस होण्याबाबत.

संदर्भ: १) आसने निवडताना तिकीट खिडकीवर मिळालेली तोंडी सूचना.
२) "काय असेल ते लेखी द्या," हा मदत खिडकीवर आत्ताच मिळालेला सल्ला.

महोदय,

१. आसने निवडायला मी तिकीट खिडकीवर आले, तेव्हा तेथील कर्मचारी बाईंनी मला स्पष्ट बजावले होते, "ताई, समोरासमोरच्या जागा घेऊ नका. मध्ये रस्ता नाही, शर्यत आहे." मी विचारले, समोरचा माणूस दिसेल ना? त्या म्हणाल्या, दिसेल की, चांगला दिसेल. मग झालं तर, असे म्हणून मी दोन्हीकडची तिकिटे घेतली. सबब, सूचना मिळालीच नाही अशी माझी तक्रार नाही, हे सुरुवातीलाच नमूद करते.

२. अशा जागा का निवडल्या, याचा खुलासा करणे आवश्यक वाटते. आमचे बाळ तान्हे आहे आणि तान्ह्या मुलांना आपल्या स्टँडमध्ये प्रवेश नाही. उलट माझ्या सासऱ्यांना वळणाशिवाय दुसरीकडे बसायचेच नव्हते. त्यांनी उभा जन्म बस चालवली. सरळ रस्त्यासमोरची जागा मी सुचवली, तर म्हणाले, "तिथं गाडी दिसते कुठे, नुसता वारा येतो. मला वळणावर बसव." नकाशावर आपला आणि आमचा स्टँड यांच्यात बोटभर अंतर होते. ते अंतर म्हणजे ट्रॅक, हे मला वाचता आले होते. शर्यत चालू असताना तो कोणालाच ओलांडता येत नाही, हे डोक्यात शिरले नाही. आपण इकडे, बाबा तिकडे, मान वर केली की नजरेसमोर, असा माझा विचार. बाळाला पाळण्यात ठेवून स्वयंपाकघरातून लक्ष ठेवते, तसाच.

३. बाबांना मधुमेह आहे. ते इन्सुलिन घेतात आणि त्यानंतर वेळेवर खावे लागते. शर्यतीआधी माझे पती त्यांना पुलावरून पलीकडे नेऊन जागेवर बसवून आले. जेवणाचा डबा आणि साखरेच्या गोळ्या मात्र बाळाच्या लंगोटांच्या पिशवीत, म्हणजे माझ्यापाशी राहिल्या. लक्षात आले तेव्हा पती म्हणाले, असू दे, मी मधेच जाऊन देऊन येतो. पहिली गाडी सुटली आणि पुलाला कुलूप लागले. तेव्हापासून ते डबा घेऊन पुलापाशी उभे आहेत. तेथील रखवालदार त्यांच्याशी सभ्यपणे वागत आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. शेवटची गाडी थांबल्याशिवाय किल्ली फिरत नाही, असे ते म्हणतात. त्यांचा स्वतःचा डबाही पलीकडेच राहिला आहे म्हणे.

४. आता मूळ मुद्दा. गाड्या येतात, तेव्हा आपल्या स्टँडमधल्या सगळ्या माना एकदम डावीकडून उजवीकडे वळतात. इकडून ते फार स्पष्ट दिसते. मधल्या रांगेत, जिन्यालगतच्या जागेवर, पांढरी टोपी आणि तपकिरी बंडी अशी एक मान आहे. सुरुवातीला ती सगळ्यांच्या आधी वळत होती, कारण गाडी कुठे ब्रेक मारणार हे बाबांना आधी कळते. मग ती सगळ्यांबरोबर वळू लागली. मग थोडी मागाहून. आता ती वळतच नाही. गाड्या जातात, येतात, बाबा सरळ माझ्याकडे तोंड करून बसले आहेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, डोळा लागला असेल, वयच आहे. या आवाजात माझे बाळ कानांवर जाड झाकणे लावूनही झोपलेले नाही. आणि ज्या माणसाने या शर्यतीसाठी नवी बंडी शिवून घेतली, त्याचा डोळा कसा लागेल, हे मला कोणी सांगावे.

५. मी केलेले प्रयत्न असे. फोन लावला; वाजतो, उचलत नाहीत. आवाज सोसेना म्हणून त्यांनी कानातले यंत्र काढून खिशात ठेवले असणार. नंतर मी बाळाचे पिवळे दुपटे दोन्ही हातांनी हलवले. त्यावर आपल्या स्टँडमधल्या पुष्कळ लोकांनी आनंदाने हात हलवले. एक अख्खी रांग उभी राहून नाचली. मी बोटाने बाबांकडे दाखवले, तर त्यांनीही बोटाने माझ्याकडे दाखवले. मोठ्या पडद्यावर एकदा आपला स्टँड दाखवत होते. टोपीची कड दिसली, आता चेहरा येईल असे वाटले, तोच टायरची जाहिरात लागली.

६. मग मी वैद्यकीय मदत मागितली. ती अत्यंत तत्परतेने मिळाली, याबद्दल आभार. डॉक्टर आले आणि त्यांनी माझा रक्तदाब मोजला. रुग्ण मी नाही, तो समोर बसलेला आहे, असे मी दाखवले. त्यांनीही हात कपाळावर धरून पाहिले आणि म्हणाले, हो, दिसतायत. परंतु मदत मागणारा ज्या बाजूला असेल, त्या बाजूचेच पथक जाते; पलीकडचे पथक पलीकडच्या अधिकाऱ्यांनीच बोलवायचे असते. माझा रक्तदाब वाढलेला आहे, अशी त्यांनी नोंद केली.

७. म्हणून मी मदत खिडकीवर आले. तेथील दादांनी सांगितले की, तोंडी तक्रार पलीकडे पाठवता येत नाही. लेखी अर्ज असेल, तर तो ते आपल्याला वायरलेसवर वाचून दाखवू शकतात. म्हणजे शेवटी तोंडीच, पण आधी लेखी. मी वाद घातला नाही. कागद त्यांनीच दिला. बाळ खांद्यावर आहे आणि दर ओळीनंतर मी समोर बघते आहे, तरी अक्षराबद्दल क्षमा असावी. ते दादा मला म्हणतायत, मॅडम, विषयात 'विनंती' हा शब्द राहिला. तो इथे लिहिते: विनंती.

८. ज्यांना पाठवाल, त्यांच्यासाठी एक माहिती देणे अत्यंत आवश्यक आहे. बाबा ठीक आहेत का, हे त्यांना विचारून कळत नाही. ते कायम ठीकच असतात. पण एरवी ते खवट आहेत. मध्ये येऊन विचारणाऱ्याला "बाजूला हो, गाडी दिसत नाही" असे खेकसले, तर चिंता नाही. मला तसे कळवावे, मी आपली जन्माची ऋणी राहीन. मात्र साखर उतरली की ते फार सभ्य होतात. "या, बसा, आपण कशाला तसदी घेतलीत," असे म्हणू लागले, तर कृपया तसेच परत फिरू नये. आमच्याकडे एकदा असेच झाले. पाहुणे त्यांच्या सभ्यपणाचे कौतुक करत होते आणि त्यांचा सदरा घामाने भिजला होता. गिळता येत असेल, तर साखर, सरबत, गोड चहा, जे हाताशी असेल ते लगेच द्यावे. बोलत नसतील, तर तोंडात काही घालू नये. आपल्या बाजूचे डॉक्टर बोलवावेत.

९. शर्यत थांबवावी, पूल उघडावा, जागा बदलून मिळावी, असे माझे काहीही मागणे नाही. आपल्या कार्यालयातून त्या जिन्यापर्यंत एक माणूस जावा, एवढेच मागणे आहे. लेखी उत्तर नको. तो माणूस बाबांजवळ पोहोचला, की त्याने आमच्या दिशेने एक हात वर करून तसाच धरावा. हलवू नये, कारण हलवणारे तिकडे पुष्कळ आहेत. मी इथूनच बघते आहे.

तसदीबद्दल क्षमा मागून, ट्रॅकच्या या बाजूने,

आपली नम्र,
(सही)
अर्जदार

दिनांक: शर्यतीचाच
वेळ: शर्यत चालू असताना

सोबत: काही जोडलेले नाही. जे जोडायला हवे होते, ते वायरलेसने जात नाही.

ता. क. सही करत असतानाच वळणावर दोन गाड्या एकमेकींना घासल्या आणि आपला सगळा स्टँड उठून उभा राहिला आहे. बाबा उभे राहिले का, ते मला दिसत नाही. टोपी दिसत नाही. मला नुसती उभी माणसे दिसतायत. लोक खाली बसायची वाट बघू नका. अर्ज पुरा ऐकला नाहीत तरी चालेल, आधी जिन्यापाशी जाऊन त्यांना बघा.