शुद्धीची साक्ष

लिहून ठेवणार: भाऊराव उकंडा तायडे, वय एकाहत्तर, एस.टी.तून सेवानिवृत्त वाहक, म्हणजे कंडक्टर, धर्म बौद्ध, राहणार रोहिणखेड, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा.

माझ्या मागे घरात भांडण होऊ नये, कोणी कोणाला कोर्टात ओढू नये, म्हणून मी हे मृत्युपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. वकीलसाहेबांच्या मसुद्यात याच्या पुढे आणखी एक ओळ होती, "कोणतेही नशापाणी न करता". ती मी खोडायला लावली. वकीलसाहेब म्हणाले, "काका, ही ओळ सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असते. तुम्हाला काय अडचण?" अडचण एवढीच की माझ्या बाबतीत ती खरी नव्हती. मी दारूचा थेंब कधी घेतला नाही, बिडी-तंबाखू नाही. पण दुखण्याच्या गोळ्यांशिवाय माझा दिवस उगवत नव्हता, आणि ती नशाच होती हे कबूल करायला मला फार उशीर लागला. त्या ओळीपायी हा कागद अनेक महिने अडून राहिला. आज ती मला जमली तशी शेवटच्या कलमात लिहिली आहे.

कलम १. माझी माणसं. पत्नी जनकाबाई पोटाच्या कॅन्सरने चार वर्षांपूर्वी वारली. मुलगा एकच, प्रसेनजित, मोताळ्याला बी-बियाण्याच्या दुकानात कामाला. सून मंजुश्री, गावच्या अंगणवाडीत सेविका. धाकटा भाऊ धम्मरत्न, गवंडी, आमच्याच गावात मागच्या गल्लीत राहतो, आणि त्याची मुलगी धम्मशीला. मी धर्मांतराच्या आधी जन्मलो म्हणून भाऊराव, तो नंतर जन्मला म्हणून धम्मरत्न. आमचा बाप म्हणायचा, नव्या नावाचं पोरगं नव्या चालीचं निघेल. ते पोरगं तरुणपणीच दारूत बुडालं, आणि जुन्या नावाचा मी निर्व्यसनी म्हणून गावात मिरवत राहिलो.

एकदा मी मलकापूर गाडीवर ड्युटीला असताना तो पिऊन गाडीत चढला. बडबडत होता, कोणाच्या अंगावर पडत होता. मी सिंगल बेल मारून गाडी थांबवली आणि राजूर घाटात त्याला खाली उतरवला. सख्ख्या भावाला. गाडीतले लोक म्हणाले, कंडक्टर असावा तर असा. ते ऐकून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. त्यानंतर तो माझ्या उंबऱ्यात आला नाही. जनका म्हणायची, "काऊन असं करता हो? पाठचा भाऊ हाय तो." मी म्हणायचो, सोडेल तेव्हा येईल. त्याने दारू सोडली. ती बातमीसुद्धा मला चहाच्या टपरीवर परक्या माणसाकडून कळली, आणि तरी मी त्याच्या दारात गेलो नाही. जनका त्याला भेटायचं म्हणत म्हणत गेली.

कलम २. रोहिणखेड येथील माझे राहते घर, ओट्यासह व मागच्या न्हाणीसह, माझी स्वतःची कमाई असून ते मी सून मंजुश्री हिला एकटीला देतो. प्रसेनजितला वाईट वाटेल, म्हणून कारण लिहितो.

जनकाला शेवटी दुखणं सहन व्हायचं नाही, म्हणून दवाखान्यातून ट्रामाडॉलच्या गोळ्या मिळायच्या. ती गेल्यावर काही पाकिटं डब्यात उरली. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचे कपडे देऊन टाकतात, अंथरूण देतात, पण औषधाचा डबा कोणी टाकत नाही. राहू द्या, कोणाच्या तरी कामी येईल. मंजुश्री म्हणाली होती, "मामाजी, मी हे दवाखान्यात वापस नेऊन देते." मी म्हणालो, महागाच्या गोळ्या आहेत, ठेव. त्या माझ्याच कामी आल्या. जन्मभर घाटाच्या वळणावर उभ्याने तिकिटं फाडून माझी कंबर गेलेली. पहिल्या गोळीने कंबरेचं दुखणं थांबलं. आणि खरं सांगतो, जनका गेल्याचंही थांबलं. घर रिकामं झालंय हे दुपारभर आठवलंच नाही. मला चटक लागली ती त्याची. कंबर नुसतं निमित्त.

डबा संपला तेव्हा मी मलकापूर, खामगाव, चिखली असा हिंडू लागलो. एका दुकानात लागोपाठ तोंड दाखवायचं नाही. जनकाच्या औषधाची जुनी चिठ्ठी खिशात ठेवायचो आणि काउंटरवर म्हणायचो, "बायकोचं दुखणं लय हाय हो, पाहवत नाही." मेलेल्या बायकोच्या नावाने मी गोळ्या मागितल्या. देणाऱ्यांची नावं लिहीत नाही. मागणारा मी होतो. जनका, मला माफ कर. ही लाज कोणाच्या नावे करता येत नाही, ती माझ्याच नावावर राहू दे.

मंजुश्रीच्या लक्षात आलं, तिने गोळ्या दडवल्या. मी ओट्यावर उभं राहून गल्लीतल्या बायांसमोर तिला चोर म्हणालो. सोन्यासारखी पोर. ती रडली नाही, म्हणाली, "मामाजी, म्हना मले चोर. पन गोळी नाही भेटनार." गोळी मिळाली नाही की मला घाम फुटायचा, पाय तडफडायचे, जुलाब लागायचे, अंगावर काटा यायचा. प्रसेनजितला ते बघवेना. तो बायकोच्या चोरून स्वतःच मलकापूरहून पाकीट आणून माझ्या उशीखाली ठेवायचा. माझा पोरगा मायाळू आहे, आणि त्याच्या मायेने मी मेलो असतो. म्हणून घर मला "नाही" म्हणणारीला. बेटा, हा राग नाही. तू त्याच घरात राहशील, फक्त तिच्या मर्जीने. ते तुझ्याही भल्याचं आहे.

कलम ३. मोताळा रस्त्याचं माझं वावर, निवृत्तीनंतर स्वतःच्या पैशातून घेतलेलं, प्रसेनजित आणि धम्मशीला या दोघांना निम्मं-निम्मं. आधीच्या मसुद्यात धम्मशीलाचा निम्मा वाटा धम्मरत्नाच्या नावे होता. का बदललं ते पुढे येईल. बांधाच्या धुऱ्यावरच्या दोन बोरी कोणी तोडू नयेत, आणि शेजारचा वावरवाला धुरा दरवर्षी थोडा-थोडा सरकवतो, त्याच्यावर लक्ष ठेवावं. तो गोड बोलतो. पक्का लुच्चा आहे.

कलम ४. विधीची पिशवी. मी नोकरी संपल्यावर गावात नि आसपास लग्न, नामकरण, मयतानंतरचं जलदान असे विधी लावत आलो. पांढरा सदरा, दोन तसबिरी, मेणबत्त्या, सूत, हातातला माईक, हे सगळं त्या पिशवीत आहे. पिशवी धम्मरत्नाला द्यावी. तो नको म्हणेल. त्याच्या दारात ठेवून निघून यावं.

त्याचं कारण यंदाच्या उन्हाळ्यात घडलं. धम्मशीलाचं लग्न ठरलं आणि धम्मरत्न इतक्या वर्षांनी माझ्या दारात आला. बसला नाही, उभ्यानेच म्हणाला, "दादा, पोरीचं लग्न तुह्याच हातानं लागलं पाह्यजे." मी हो म्हणालो. लग्नाच्या सकाळी हात थरथरू नयेत म्हणून नेहमीपेक्षा जास्त गोळ्या घेऊन मांडवात उभा राहिलो. आमच्यात लग्न लावणारा पंचशील म्हणतो आणि सगळा मांडव त्याच्यामागे म्हणतो. चार शीलं झाली. पाचवं नशेचं. "सुरामेरय" एवढा शब्द तोंडातून निघाला आणि पुढचं निघेना. विसरलो नव्हतो, झोपेतही येतं ते मला. पण समोर सगळी माणसं माझ्यामागे शपथ घ्यायला थांबली होती, आणि माझ्या पोटात काय होतं ते मला माहीत होतं.  तेव्हा पुढच्या रांगेतून नवरीच्या बापाने, माझ्या त्या बेवडा म्हटल्या गेलेल्या भावाने, ते शील मोठ्याने पुरं केलं. लोक त्याच्यामागे म्हणाले.

पंगतीत जो तो म्हणत होता, तायडेबाबा थकले आता. धम्मरत्नाने मला पाण्याच्या टँकरमागे नेलं.

"दादा, काय घेऊन राह्यला तू?"

"कंबरेची गोळी हाय."

"कंबरेच्या गोळीनं असे डोये होत नाहीत. मी ओयखतो. मी हे डोये आरशात पाह्यले हायेत."

मी भडकलो. "बेवड्या, तू मले शिकवतं काय बे?" त्याच्या पोरीच्या लग्नात, त्याच्याच मांडवामागे मी त्याला असं बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हाव, शिकवतो. उद्या सकायी येतो. बुलढान्याले जाऊ." आणि आला. माझी चप्पलसुद्धा त्यानेच पायापुढे सरकवली.

बुलढाण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरमॅडमपुढे मी मान खाली घालून बसलो, तर त्या म्हणाल्या, "बाबा, हा आजार आहे. एकदम बंद करायचं नाही, आम्ही सांगू तसं हळूहळू कमी करायचं. गोळ्या मात्र घरातल्या दुसऱ्या कोणाकडे ठेवा." मला वाटलं होतं शिव्या खाव्या लागतील. तेव्हापासून गोळ्या धम्मरत्नाकडे असतात. सकाळी कामावर जायच्या आधी तो येतो, मॅडमनी लिहिली तेवढीच देतो, मी गिळेपर्यंत उभा राहतो, चहा पिऊन जातो.

दर रविवारी व्यसन सोडलेल्यांची बैठक भरते, तिथेही तोच मला घेऊन गेला. सगळे दारूवाले, गोळीवाला मी एकटा. कोपऱ्यातून एक जण उठला, सहदेव त्याचं नाव, पलीकडच्या गावचा शेतकरी. म्हणाला, "या कंडक्टरसाहेब, बसा. इथून कोनाले उतरवत नाही आमी." त्यालाही मी कधीतरी उतरवलं असणार. सगळे हसले. मीही हसलो, आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेना. माझं ड्युटीचं घड्याळ या सहदेवला द्यावं. चालतं बरोबर, फक्त किल्ली रोज द्यावी लागते.

कलम ५. जनकाची लुगडी व गोधड्या धम्मशीलाला. माझ्या मागे घरात जी काही औषधं उरतील ती त्याच दिवशी मंजुश्रीने दवाखान्यात परत करावीत. एकही पाकीट "असू दे" म्हणून ठेवू नये, शेजाऱ्याला देऊ नये, कोणी कितीही कण्हत आलं तरी. प्रसेनजित, हे तुला सांगतोय.

कलम ६. चौकात श्रद्धांजलीचा फलक लावाल, तर त्यावर "निर्व्यसनी" छापू नये. आपल्याकडे मेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ आणि निर्व्यसनी असतो. माझ्या नावापुढे ते छापलं, तर तालुक्यात माझ्यासारखा जो कोणी एकटाच दडवून गोळ्या खातो आहे तो समजेल की असलं आपल्यालाच झालं. प्रसेनजित म्हणतो, घरातली गोष्ट घरात राहू द्या बाबा. पोरा, घरातच ठेवली म्हणून तर एवढी वाढली.

कलम ७. आता ती ओळ. मी हे मृत्युपत्र गोळी अजून पूर्ण सुटलेली नसताना, परंतु शुद्धीवर असताना करतो. दिवाळीत मी एकदा घसरलो होतो, मलकापूरला गेलो होतो, आणि परत येऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. पुन्हा घसरणार नाही अशी शपथ मी लिहून देत नाही. आज मला माझी माणसं ओळखू येतात, माझी मिळकत समजते आणि माझ्या चुका फार स्पष्ट दिसतात. डॉक्टरमॅडमचा दाखला सोबत जोडला आहे.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. शेजारचा अविनाश लगेच तयार झाला. दुसरा मिळेना. ज्यांच्या घरची लग्नं मी लावली त्यांना विचारलं. एक म्हणाला तब्येत बरी नाही, दुसरा तोंडावर बोलला, "बाबा, गोळ्या खानाऱ्याच्या शुद्धीची हमी कोन घेईन? उद्या कोर्टात मले इचारतीन." त्याचं चुकलं नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, फाडून टाकावा हा कागद. ज्याच्या शुद्धीवर कोणाचा भरवसा नाही, त्याने कशाला काही लिहावं?

धम्मरत्न वकिलाच्या टेबलापुढे म्हणाला, "मी होतो साक्षीदार." वकीलसाहेब म्हणाले, "तुम्हाला वावर मिळतंय. ज्याला मिळतं त्यानेच साक्ष दिली तर उद्या वाद निघेल. दोन्हीतलं एक काहीतरी करा."

"मंग वावर काढा," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. म्हणालो, "अबे, जन्मात एक गोष्ट देऊन राह्यलो तुले, तेबी घेत नाही?" तो म्हणाला, "दादा, मले तू पाह्यजे. वावर पोरीले दे." म्हणून कलम तीन बदललं.

मृत्युपत्राची व्यवस्था मंजुश्रीने पाहावी. तिच्या शब्दाबाहेर कोणी जाऊ नये. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

स्थळ: बुलढाणा
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

(सही) भाऊराव उकंडा तायडे

साक्षीदार १. भाऊराव तायडे यांनी वरील मजकूर वाचून, समजून, माझ्यासमक्ष सही केली. त्यांच्यासमक्ष मी सही करतो.
(सही) अविनाश, शेजारी, रा. रोहिणखेड

साक्षीदार २. मी धम्मरत्न उकंडा तायडे, गवंडी, रा. रोहिणखेड. वकीलसाहेब म्हनले वरच्यासारखंच लिहा, पन मले माह्या हातानं लिहाचं होतं. दादानं माह्या डोयापुढं सही केली. हात हालला, डोकं ठिकानावर होतं. सकायची गोळी मीच देल्ली, अर्धी. कोर्टानं इचारलं तर मी हेच सांगीन, माहा भाऊ शुद्धीवर होता. उद्या तो घसरला तरी मी त्याले आनाले जाईन, अन् तरीबी आजची ही साक्ष खोटी होत नाही.
(सही) धम्मरत्न तायडे